वकिलीची वाट आणि पदवीचा विषय

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला वकील व्हायचं आहे, मग आता आर्ट्‌सच घ्यावं का? बी.एस्सी. करून एलएल.बी.ला गेली तर ती तीन वर्षं फुकट जातील का? बी.कॉम. झालेल्याला हायकोर्टात कोण विचारणार? प्रश्न अगदी रास्त असतात. उत्तरं मात्र बहुधा ऐकीव. अशा ऐकीव उत्तरांवर विसाव्या वर्षाच्या आत आयुष्याची दिशा ठरते, म्हणून हा विषय नीट उलगडून पाहायला हवा.

नियम काय सांगतो?

आपल्या देशात वकिलीची सनद १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली मिळते. कायद्याच्या शिक्षणाची चौकट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी घालून दिली आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. अट आहे ती गुणांची : खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमालाही शाखेचं बंधन नाही, बी.ए.च्या जोडीला बी.कॉम., बी.बी.ए., बी.एस्सी., अगदी बी.टेक.सह एलएल.बी. करण्याचीही सोय नियमांत आहे.

महाराष्ट्रात २०१६ पासून विधी प्रवेशासाठी सीईटी होते. तिच्यात कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी तपासतात. तुम्ही रसायनशास्त्र शिकलात की राज्यशास्त्र, याला तिथे काडीचंही महत्त्व नाही. थोडक्यात, आत जाताना विषय आडवा येत नाही. तो कामी येतो तो आत गेल्यावर, आणि तोही ठरावीक ठिकाणीच.

दोन मुंबईकर दाखले

पांडुरंग वामन काणे यांनी संस्कृतात एम.ए. केलं, मग कायदा शिकून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. तेव्हा दत्तक, वारसा, एकत्र कुटुंबाची वाटणी यांचे दावे ‘मिताक्षरा’ आणि ‘व्यवहारमयूख’ यांसारख्या ग्रंथांच्या आधारे लढवले जात. मयूखाचा अधिकार गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मानला जाई. असा ग्रंथ मुळातून वाचू शकणारा वकील कोर्टात वेगळाच ठरायचा. काण्यांच्या बाबतीत पदवीचा विषयच कायद्याचा कच्चा माल होता. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे खंड याच दुहेरी तयारीतून उभे राहिले आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

दुसरा दाखला नानी पालखीवाला यांचा. त्यांची एम.ए.ची पदवी इंग्रजी वाङ्‌मयाची. आकडेमोडीशी तिचा संबंध नाही. तरी सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये उमेदवारी करत ते आयकर कायद्यात इतके मुरले, की १९५० मध्ये दोघांच्या नावाने निघालेला आयकरावरचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वकिलांच्या टेबलावर राहिला. इथे विषयाने माल पुरवला नाही. त्याने बारकाईने वाचायची आणि नेमकं बोलायची सवय लावली. कर त्यांनी कामातून शिकून घेतला.

पदवीचा विषय वकिलाला या दोनच गोष्टी देऊ शकतो : कायद्याला लागणारा माल किंवा डोक्याला लागलेलं वळण. यातला माल जुना होतो. १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्याची मोठी संहिताबद्ध रचना झाली आणि संस्कृत जाणणाऱ्या वकिलाचं ते खास स्थान ओसरलं. वळण मात्र आयुष्यभर पुरतं. गणितात बी.ए. केलेले लोकमान्य टिळक कायदा शिकले, अर्थशास्त्राचे डॉक्टर असलेले बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले, अर्थशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झालेले धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. या तिघांच्या विषयांत समान धागा शोधू गेलं तर एकच सापडतो : जो विषय घेतला तो त्यांनी खोलवर शिकला.

विषय कुठे कामी येतो?

एका ठिकाणी विषयाची अट कायद्यातच लिहिलेली आहे. पेटंट एजंट म्हणून नोंदणीची परीक्षा द्यायची तर १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी. औषधाच्या रेणूचा किंवा यंत्राच्या भागाचा दावा शब्दांत बांधायचा, तर ती वस्तू आधी समजायला हवी. विज्ञान घेऊन ‘वाया गेलेल्या’ तीन वर्षांची इथे पुरेपूर किंमत मिळते.

फौजदारी कामातही विज्ञानाची गरज वाढते आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. दुकानातल्या सीसीटीव्हीचं चित्रण पुरावा म्हणून द्यायचं, तर कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. फाइलमधली एखादी चौकट जरी बदलली तरी ही अक्षरं-आकड्यांची ओळ पार बदलते. जप्तीच्या वेळची ओळ आणि कोर्टात आलेल्या प्रतीची ओळ जुळते का, एवढ्या एका प्रश्नावर उलटतपासणी फिरू शकते. संगणकशास्त्र शिकलेल्या ज्युनिअरला तो प्रश्न आपसूक सुचतो. इतरांना तो शिकून घ्यावा लागतो. शिकता मात्र येतो.

कॉमर्सवाल्यांना जीएसटी, दिवाळखोरी आणि कंपनी कायद्याच्या कामात ताळेबंद वाचण्याचा सराव उपयोगी पडतो. शेतकी पदवीधराला भूसंपादनाच्या दाव्यात फळझाडांचं, विहिरीचं मूल्यांकन कुठे कमी धरलं ते पटकन दिसतं. जमिनीच्या जुन्या वादांत मोडीतली खतं आणि फेरफार निघतात. इतिहास किंवा मराठी घेऊन मोडी शिकलेल्या वकिलाला तालुक्याच्या कोर्टात आपलं काम उभं करता येतं.

आकड्यांची भीती असणाऱ्यांनी मोटार अपघाताचा दावा पाहावा. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, महिना १५,००० रुपये मिळवणारा माणूस गेला. मागे पत्नी आणि दोन मुलं. वर्षाचे १,८०,००० झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २,५२,०००. तीन अवलंबित असल्याने स्वखर्चाचा एकतृतीयांश वजा करून १,६८,०००. सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यात या वयाला गुणक १६. म्हणजे २६,८८,००० रुपये, आणि वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा. हिशेब शाळेतलाच आहे. पण वाढीचे ४० टक्के मागायचे राहिले, तर त्या घराचे साडेसात लाखांहून जास्त रुपये जातात. इथे पदवी कशाची आहे याने फरक पडत नाही, काळजीपूर्वक काम करण्याने पडतो.

खरी अडचण कुठे आहे?

पालकांची चिंता विषयाभोवती फिरते, पण गळती होते ती दुसरीकडेच. पहिली जागा भाषेची. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ऐंशीच्या दशकाअखेरीस पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे राज्योराज्यी तशी विद्यापीठं झाली. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मोठ्या लॉ फर्म नोकरभरतीला प्रामुख्याने तिथेच जातात. त्यांच्या प्रवेशाची ‘क्लॅट’ मात्र फक्त इंग्रजीत होते आणि तिच्यात लांबच लांब उतारे असतात. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते, जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात पुन्हा इंग्रजी. मराठी माध्यमातल्या हुशार मुलाला शाखेपेक्षा हा उंबरठा जास्त अडवतो. त्याची तयारी बारावीच्या खूप आधी सुरू व्हायला हवी.

दुसरी जागा पैशांची. सनद घेतल्यानंतरची पहिली वर्षं ज्युनिअरच्या हातात फारसं काही पडत नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवी न्यायाधीश मिळावेत, हा हेतू योग्यच आहे. पण ज्या घरात पदवीनंतर लगेच पगाराची वाट पाहिली जाते, तिथल्या मुलीने ही तीन वर्षं कशी काढायची? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांवर (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५) आणलं. हा दिलासा मोठा आहे, पण तो पहिल्या दिवसापुरता.

म्हणून वकील होऊ पाहणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटतं : ज्या विषयाचं पुस्तक तुम्ही परीक्षा संपल्यावरही उघडाल, तो विषय घ्या. पेटंटकडे जायचं असेल तर विज्ञान किंवा अभियांत्रिकी घ्या. बाकी सगळीकडे खोली महत्त्वाची, शाखा नाही. इंग्रजी आणि मराठी, दोन्हींत रोज लिहा. पालकांनी शाखेची चिंता सोडून सनदेनंतरच्या तीन वर्षांची तजवीज करावी. आणि आपल्या जिल्ह्याच्या बारमधल्या ज्येष्ठांनी ज्युनिअरचं विद्यावेतन हे आपलं कर्तव्य मानावं. शेतकऱ्याची, शिक्षकाची, रिक्षावाल्याची मुलं या व्यवसायात टिकली, तरच न्यायासनावर उद्या सगळ्या थरांतली माणसं दिसतील.