इंजिन बंद, तरी आवाज कशाचा?



सेलू तालुक्यातल्या एका श्रोत्यानं विचारलं आहे, "सोयाबीनची मळणी उरकून रात्री ट्रॅक्टर गोठ्याजवळ लावला. इंजिन बंद केलं, आम्ही जेवायला बसलो, तर बाहेर पाव तास टिक्-टिक् चालूच. आई म्हणते, नव्या ट्रॅक्टरला नजर लागली. खरं काय समजावं?"

आईला सांगा, नजर लागलेली नाही. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते त्यांनी पाहिलं असेल. धाव तापवली की फुगते, चाकावर बसते, आणि पाणी टाकलं की आवळताना कडकड वाजते. सायलेन्सरचंही तसंच आहे. एक मीटर लोखंडी नळी ३०० अंशांनी तापली तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब होते. इंजिन बंद झालं की ती पुन्हा आखडते. पातळ पत्रा लवकर गार होतो, जाड ओतीव लोखंड सावकाश होतं, आणि जोडावर दोन्ही एकमेकांना खेचत टिक्-टिक् करतात. याला दुरुस्ती नाही. मात्र इंजिन चालू असताना सायलेन्सर खडखडत असेल तर आतला पत्रा सुटला आहे किंवा पट्टी ढिली आहे, ती आवळून घ्या.

दुसरा आवाज मात्र हसण्यावारी नेऊ नका. इंजिन बंद केल्यावर रेडिएटरमध्ये डाळ शिजल्यासारखं गुडगुड-खदखद होतं, टोपीपाशी फुस्स करून वाफ निघते. आपला पाण्याचा पंप आणि पंखा बहुतेक ट्रॅक्टरात इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात. इंजिन थांबलं की पाणीही जागच्या जागी थांबतं, पण हेडमधली उष्णता थांबत नाही. ती त्या उभ्या पाण्यात उतरते आणि पाणी उकळतं. मळणीयंत्रावर हे जास्त होतं, कारण ट्रॅक्टर एका जागी पूर्ण जोरात चालतो आणि पंखा समोरचं भुसकट ओढून जाळीत कोंबतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पारा ४२ च्या वर!

अशा वेळी टोपी उघडू नका. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. जिंतूरकडे एका खळ्यावर एका तरुणानं घाईत, पाणी कमी झालं असेल म्हणून टोपी फिरवली. दंडापासून मनगटापर्यंत कातडी सोलली, तो हंगाम त्याचा दवाखान्यातच गेला. मी तिथंच उभा होतो, ओरडेपर्यंत झालं होतं. कारण साधं आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशाला उकळतं, पण टोपीनं अर्धा किलो दाब धरला तर ते १११ अंशापर्यंत न उकळता राहतं. टोपी सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. निदान अर्धा तास थांबा. वरच्या रबरी नळीला हात धरवू लागला, म्हणजे जाड फडकं टाकून टोपी आधी थोडीशी फिरवा, फुसफुस थांबली की मगच काढा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. हेडला तडा गेला तर खर्च मोठा आणि मळणी खोळंबते ती वेगळीच.

मग कारण शोधा. इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला हवा किंवा पाणी मारून जाळीतलं भुसकट काढा. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबून पाहा, अर्ध्या इंचापेक्षा फार दबला तर ढिला आहे. विहिरीचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घालाल तर आत चहाच्या भांड्यासारखा थर धरतो. शुद्ध पाणी आणि कूलंट वापरा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑईल दुधाळ झालं तर इंजिन पुन्हा चालू करू नका, मिस्त्रीला बोलवा, गॅस्केट गेलं असण्याचा संभव आहे. आणि एक सवय लावून घ्या: काम संपलं की ३ ते ५ मिनिटं बिनभाराचं, हळू इंजिन चालू द्या, मग बंद करा. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरला तर हे हवंच, कारण टर्बोच्या बेअरिंगला ऑईल इंजिन चालू असेपर्यंतच मिळतं.

कधीकधी बंद करूनही इंजिन बंद होत नाही. जुन्या कार्बुरेटरच्या पेट्रोल मोटारी आत तापलेल्या काजळीमुळे चावी काढल्यावरही धडपडत राहत. डिझेलचं वेगळं, त्याला ठिणगी लागतच नाही. डिझेल तुटलं तरच ते थांबतं. दांडी ओढूनही चालत असेल तर बहुधा तार सैल झालेली असते. पण इंजिन आपोआप वेग घेऊ लागलं आणि ढग निघू लागला, तर ते स्वतःचं ऑईल पीत आहे असं समजा. एअर क्लीनरच्या भांड्यात खुणेच्या वर ऑईल भरलं तरी असं होतं. इथं डिझेल बंद करून भागत नाही, हवा बंद करावी लागते. हवेच्या तोंडावर सपाट फळी दाबा, हात किंवा कपडा नको. ते जमण्यासारखं नसेल तर माणसं लांब करा.

नदीवर किंवा विहिरीवर पंप बंद करताना धाडकन् आवाज येतो, तो पाइपातल्या पाण्याचा. चार इंची, ३० मीटर पाइपात सुमारे २४० लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी असतं. ते उलटं फिरून झडपेवर आदळतं. जोड सुटतात, पाइप फुटतो. आधी वरचा व्हॉल सावकाश बंद करा, मग लगेच पंप थांबवा. धाड न होता नुसतं सळसळत पाणी विहिरीत उतरत असेल, तर फुटव्हॉल, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्यात काडी अडकली आहे किंवा चामडं गेलं आहे. रोज पंपात पाणी भरत बसण्यापेक्षा एकदा वर काढून पाहा.

चावी काढल्यावर सेल्फ घरघरत राहिला तर वेळ घालवू नका. बॅटरीची उणे बाजूची तार आधी सोडा, नाहीतर वायरी जळतील. मग मिस्त्रीला सेल्फचा सोलेनॉइड तपासायला सांगा. आजच्या मोटारींत मात्र बंद केल्यावर पुढचा पंखा दोन-तीन मिनिटं फिरतो तो मुद्दाम तसा केलेला असतो. बॉनेट उघडून तिथं बोट घालू नका.