टॅक्सी, कुत्रा आणि अ‍ॅलर्जी

अंध व्यक्तीने टॅक्सीला हात करावा आणि सोबतचा वाटाड्या कुत्रा पाहून चालकाने गाडी पुढे काढावी, हा इंग्लंड व वेल्समध्ये गुन्हा आहे. २०१० च्या समानता कायद्यानुसार असा प्रशिक्षित कुत्रा प्रवाशाजवळच बसतो, त्याचे जादा भाडे घेता येत नाही आणि नकार दिल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. सूट मिळते ती वैद्यकीय कारणासाठी. पण ‘मला केसांची अ‍ॅलर्जी आहे’ असे नुसते सांगून भागत नाही, परवाना देणाऱ्या संस्थेचे सूटपत्र लागते.

हे आम्हांला योग्य वाटते. मुळात ही अ‍ॅलर्जी केसांची नसतेच. कुत्र्याच्या लाळेतील व कोंड्यातील प्रथिने तिला कारण होतात. त्यांतले प्रमुख ‘कॅन एफ १’. (हे नाव कुत्र्याच्या ‘कॅनिस फॅमिलिॲरिस’ या शास्त्रीय नावावरून आले आहे.) ही प्रथिने वाहून नेणारे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात. म्हणून केस कमी गळणारा कुत्रा असला तरी त्रास टळेलच असे नाही. उलट, दमेकरी चालकाला कुत्रा पाळणाऱ्याच्या कोटावरूनही त्रास होऊ शकतो. डॉक्टर लक्षणांच्या जोडीला त्वचेची चाचणी घेतात किंवा रक्तातील आयजीई प्रतिपिंडे मोजतात. नुसती कुत्र्याची नावड किंवा गाडी खराब होण्याची धास्ती सूटपत्राला पुरत नाही.