दिवस त्यांच्या हातात राहू द्या

कॅन्सर पसरलाय, आता तो पूर्ण बरा होणार नाही, असं कळलं की बऱ्याच घरांना दवाखान्यातून एवढंच ऐकायला मिळतं : ‘घरी न्या, सेवा करा.’ सेवेची तयारी आपल्या घरांत असतेच. मुलगी रजा टाकते, सून रात्री जागते, गावाकडून मावशी येऊन राहते. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे क्वचितच कुणी बसून सांगतं. मग मायेपोटी सगळं घरच ठरवू लागतं. बाबांनी काय खायचं, कुणाला भेटायचं, किती चालायचं, आजाराबद्दल त्यांना किती कळू द्यायचं. शरीराचा ताबा आजार घेतो आणि उरलेल्या दिवसाचा ताबा घरचे घेतात.

तो उरलेला काळ पुष्कळदा बराच मोठा असतो. स्तनाचा कॅन्सर हाडांत पोहोचल्यावरही हार्मोनच्या गोळ्यांवर कित्येक बायका वर्षानुवर्षं जगतात. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये रोजच्या गोळ्या आजाराला दीर्घकाळ आवरून धरतात. या काळात स्वयंपाक, देवपूजा, नातवंडांचा अभ्यास, शेताची फेरी हे सगळं शक्य तितकं चालू राहावं, यासाठी वैद्यकात एक स्वतंत्र शाखा आहे : पॅलिएटिव्ह केअर. मराठीत तिला परिहार सेवा म्हणतात.

शेवटची नव्हे, सोबतची सेवा

या शाखेचा पाया घालणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं सेवाकेंद्र, सुरू केलं. कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं फक्त गाठीत नसतं. मनाची भीती, पैशाची चिंता, नात्यांतला ताण आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं मिळून एकच वेदना होते, हा त्यांचा विचार. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं, डॉ. एल. जे. डिसूझा यांचं शांती अवेदना सदन. पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देतंय. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पदव्युत्तर शिक्षणही आहे.

तरीही ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ऐकला की नातेवाईक हादरतात. आता सगळं संपलं, असा त्याचा अर्थ घेतला जातो. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच सापडलेले १५१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, तर बाकीच्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून परिहार सेवाही. दुसऱ्या गटाचं रोजचं जगणं अधिक सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, शेवटच्या काळातले आक्रमक उपचार कमी झाले. शिवाय ते रुग्ण जास्त जगले : मध्यक ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. म्हणून ही सेवा किमो सुरू असतानाच मागायची असते.

दुखणं सोसायचं नसतं

आधी वेदना. दुखत असताना माणूस दुसरं काही ठरवूच शकत नाही. आपल्याकडे मात्र सोसण्याचं फार कौतुक. ‘आई किती सहन करते, तोंडातून शब्द नाही’, असं अभिमानानं सांगितलं जातं. खरं तर त्या आईची झोप गेलेली असते, जेवण गेलेलं असतं आणि माणसंही नकोशी झालेली असतात.

कॅन्सरच्या बहुतांश वेदना गोळ्यांनी आटोक्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्येच त्याची सोपी पद्धत घालून दिली. औषध शक्यतो तोंडानं द्यायचं, घड्याळाच्या काट्यावर द्यायचं, आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार साध्या गोळ्यांपासून मॉर्फिनपर्यंत जायचं. दुखू लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा दुखण्याआधी ती पोटात गेली पाहिजे. मधेच कळ उठली तर जादा डोस किती घ्यायचा, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

मॉर्फिन म्हटलं की व्यसनाची धास्ती वाटते. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार विरळ आहे. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ जाणवते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. गोळी मनानं अचानक बंद करायची नाही. हाडांच्या दुखण्यावर लाईट, म्हणजे रेडिएशन, फार उपयोगी पडतं. पुष्कळदा एका बैठकीतच काम होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. पाठीत नव्यानं जोरात दुखू लागलं, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर गाठीचा दाब मज्जारज्जूवर येत असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

दोन घास, दोन पावलं

कॅन्सरचा थकवा झोपेनं जात नाही. हातात मोजके पैसे असताना आपण जसा बाजार करतो, तशी ताकद वापरावी लागते. सकाळी बरं वाटत असेल तर महत्त्वाचं काम सकाळीच. अंघोळ स्टुलावर बसून. भाजी निवडणं, हिशेब लिहिणं अशी बसून होणारी कामं काढून घेऊ नयेत. झेपेल तेवढं रोज चालल्यानं थकवा कमी होतो. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणं, हाही व्यायामच.

जेवणावरून मात्र घरोघरी भांडणं होतात. ‘खाल्लं नाही तर ताकद कशी येणार?’ हा प्रश्न मायेचाच. पण पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये शरीर अन्न वापरण्याची पद्धतच बदलतं आणि भूक मरते. भरलेलं ताट पाहूनच नको होतं. त्यापेक्षा छोट्या वाटीत मऊ भात, पेज, कढण, खीर, ताक, मागतील तेव्हा, थोडं थोडं द्यावं. तोंड आलं असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चूळ भरावी. शेवटच्या दिवसांत खाणं जवळजवळ थांबतं. तो आजाराचा भाग असतो. आपण खाऊ घातलं नाही म्हणून माणूस गेला, हा सल कुणी मनात ठेवू नये.

दम लागत असेल तर खिडकी उघडावी, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर पुढे रेलून बसवावं, हातातला छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरावा. गालाला लागणारी हवा खरोखरच दम कमी करते.

तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये जखमेचा वास येतो आणि त्यापायी माणूस एकटा पडतो. त्याचं ताट वेगळं होतं, खोली वेगळी होते, येणारे दारातूनच परत जातात. कॅन्सर संसर्गानं पसरत नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगावं लागतं. वासावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे : डॉक्टरांच्या सल्ल्यानं मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकतात आणि ड्रेसिंग नियमित बदलतात. जखमेतून रक्त येण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवावेत. रक्त त्यावर कमी दिसतं आणि घाबरगुंडी कमी होते.

त्यांना सांगू नका?

डॉक्टरांच्या केबिनबाहेर नातेवाईक हात जोडतात : ‘त्यांना सांगू नका, ते खचतील.’ रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो. किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर कोण बसलंय, ते त्याला दिसतं. मग दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवत राहतात आणि बोलायचं राहून जातं.

सगळं एका दमात सांगण्याची गरज नाही. ‘डॉक्टर काय म्हणाले, हे तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ असं आधी त्यांनाच विचारता येतं. कुणी म्हणेल, ‘सगळं सांग’. कुणी म्हणेल, ‘तूच बघ’. दोन्ही उत्तरं मान्य करावीत. ज्यांना कळतं ते निर्णयही घेऊ शकतात : सातबारा, बँकेचं नॉमिनेशन, मुलीचं लग्न आधी करायचं का, पंढरपूरला एकदा जाऊन यायचं का. शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हेही त्यांनाच ठरवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याला, म्हणजे पूर्वसूचनेला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ती करता येते.

सेवा करणाऱ्या व्यक्तीचंही पाहायला हवं, आणि ती बहुधा बाईच असते. आठवड्यातली एक दुपार तरी भावानं, दिरानं, शेजाऱ्यानं रुग्णाजवळ बसावं आणि तिला झोपू द्यावं. ही मदत तिनं मागण्याआधी मिळायला हवी.

हक्कानं मागा

या सगळ्याला यंत्रणेचा आधार लागतो. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, तरी आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणं अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यानं अवघड करून ठेवलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं परवान्यांचं जंजाळ कमी झालं. त्याआधी २०१२ मध्ये राष्ट्रीय परिहार सेवा कार्यक्रमही आखला गेला. कागदावरची वाट मोकळी झाली. पण तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला अजूनही वेदनेच्या गोळीसाठी मोठ्या शहराचा प्रवास करावा लागतो.

म्हणून पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना विचारा : इथे परिहार सेवा आहे का? घरी येणारी टीम आहे का? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या नसतील, तर ते लोकप्रतिनिधींना लेखी कळवा. डायलिसिसची सोय मागताना आपण संकोच करत नाही. वेदनेपासून सुटका हाही उपचारच आहे आणि तो तितक्याच ठामपणे मागायला हवा.