अक्कलदाढ काढल्यानंतरचे आठ दिवस

या दाढेला 'अक्कलदाढ' हें नांव ज्या कोणीं दिलें, त्याचा विनोद फार दिवस टिकला आहे. ती येते साधारणपणें १७ ते २५ या वयांत, म्हणजे माणसाला स्वतःच्या अकलेविषयीं सर्वांत अधिक खात्री वाटते त्या काळांत. आणि जबड्यांत जागा उरलेली नसली म्हणजे आडवी, तिरपी, अर्धी वर व अर्धी हिरडीखालीं अशी बसते. कित्येकांना ती येतच नाहीं. ज्यांची येते आणि वारंवार सुजून छळते, त्यांची काढावी लागते. ती काढावी कीं ठेवावी, हा आजचा विषय नव्हे. तो निर्णय ज्याचा त्यानें आपल्या दंतवैद्याशीं बोलून घ्यावा. मला बोलावयाचें आहे तें दाढ काढून रोगी घरीं परत आल्यानंतर काय करावें याविषयीं. दवाखान्यांतलें काम फार तर तासाभराचें असतें. घरचें काम आठ दिवसांचें असतें, आणि तें रोग्याच्या व त्याहूनही अधिक त्याच्या स्वयंपाकघराच्या हातीं असतें.

दाढ निघाली कीं तिच्या जागीं हाडांत एक खळगा राहतो. त्यांत रक्त भरतें आणि कांहीं मिनिटांतच गोठून त्याची गुठळी बनते. पुष्कळांना ही काळसर गुठळी म्हणजे तोंडांतली घाण वाटते व ती केव्हां एकदां धुऊन काढतों असें होतें. वास्तविक जखमेवरचें झांकण तीच आणि नव्या मांसाचा पायाही तीच. तिच्यांतल्या तंतूंच्या जाळ्याचा आधार घेऊन आजूबाजूच्या पेशी आंत सरकतात, नव्या रक्तवाहिन्यांचे कोंभ शिरतात, आठवड्याभरांत तेथें कोंवळें तांबूस मांस धरूं लागतें. तीनचार आठवड्यांत हिरडी वरून मिटते. आंतील हाड भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागतात. ही गुठळी पहिल्या तीनचार दिवसांत निसटली किंवा विरघळली, तर खालचें हाड उघडें पडतें. मग सर्व आटोपलें असें वाटूं लागलेलें असतांनाच तिसऱ्या-चवथ्या दिवशीं ठणका सुरू होतो, तो कानापर्यंत जातो, तोंडास दुर्गंधी येते, आणि नेहमींच्या गोळीनें त्याचें कांहीं भागत नाहीं. १८९६ सालीं क्रॉफर्ड या अमेरिकन दंतवैद्यानें या विकाराचें वर्णन केलें व त्यास 'ड्राय सॉकेट', म्हणजे कोरडा खळगा, असें नांव दिलें. तें नांव आजही चालू आहे.

माझी स्वतःची हकीकत सांगतों. दंतवैद्यकाचा विद्यार्थी असतांना माझी खालची डावी अक्कलदाढ काढली. महिना मे, आणि घरीं माळ्यावर रायवळ आंब्यांची आढी घातलेली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं विचार केला, आंबा मऊ, गोड, थंड. चावावयाचें कांहींच नाहीं. मग हरकत कसली? देंठाशीं भोंक पाडून तीन आंबे चोखले. चवथ्या दिवशीं पहाटे कानांत कोणी खिळा ठोकीत आहे असें वाटून जागा झालों. ज्या अध्यापकांनीं दाढ काढली होती, त्यांनीं तोंडांत पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "काय चोखलेंस?" त्यांनीं खळगा धुतला, त्यांत औषधी बोळा बसविला, आणि तासाभरांत ठणका उतरला.

तेव्हां मला कळलें कीं मीं प्रश्नच चुकीचा विचारला होता. पदार्थ मऊ आहे कीं कठीण, एवढें पाहून भागत नाहीं. तो खातांना तोंड काय करतें हें पाहावयाचें. चोखतांना गाल आंत ओढले जातात, आणि त्या ओढीनें ताजी गुठळी जागची हलूं शकते. तोच आमरस वाटींत काढून चमच्यानें घेतला असता तर कांहीं बिघडलें नसतें. सरबताची नळी, शेवग्याची शेंग, मटणाची नळी, ऊंस, हीं सर्व एकाच जातीचीं. विडी-सिगारेटच्या झुरक्यांत ही ओढ तर असतेच, शिवाय तंबाखूनें जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणून धूम्रपान आठवडाभर तरी बंद ठेवावें. मिश्री आणि तंबाखूचें पान यांसही तोच नियम, मग घरांतील वडील माणसें कांहींही म्हणोत. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतों. खालच्या दाढेचें काम अवघड झालें असेल तर सर्व काळजी घेऊनही खळगा कोरडा पडूं शकतो. अशा वेळीं रोग्यास दोष देत बसूं नये. सरळ दंतवैद्याकडे न्यावें.

गुठळीचा दुसरा शत्रू म्हणजे आपली चूळ. जेवण झालें कीं खळखळून चूळ भरणें हें आपल्याकडे चांगल्या वळणाचें लक्षण, आणि एरवीं तें खरेंही आहे. परंतु दाढ काढल्यापासून २४ तास चूळ भरूं नये आणि थुंकूंही नये. तोंडांत लाळ सांचली तर गिळावी, अथवा मान वांकवून ओठांतून आपोआप गळूं द्यावी. लाळेंत थोडें रक्त मिसळलें तरी सारें तोंड रक्तानें भरल्यासारखें दिसतें, त्यास भिऊं नये. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यांत अर्धा चमचा मीठ विरघळवून तें जेवणानंतर तोंडांत धरावें, मान या कुशीवरून त्या कुशीवर हळूंच कलती करावी, आणि पाणी सोडून द्यावें. खळखळ नको. इतर दांत ब्रशानें रोज घासावे. जखमेची जागा तेवढी टाळावी.

आतां जेवणाकडे वळतों. दवाखान्यांतून येतांना दांतांत दाबून धरलेला कापसाचा किंवा गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटें तसाच ठेवावा, उघडून उघडून पाहूं नये. ओठ व गाल बधिर असेपर्यंत कांहीं चावूं नये. हल्लीं बहुधा लिग्नोकेन या औषधानें बधिरता आणतात. स्वीडनमध्यें १९४३ सालीं लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञानें तें तयार केलें. त्याचा अंमल ओठावर दोनचार तास राहतो, आणि तेवढ्या वेळांत माणूस स्वतःचाच गाल चावून मोकळा होतो, लहान वयाचे रोगी तर फारच. ऊन चहानें जीभ पोळलेलीही कळत नाहीं, आणि उष्णतेनें रक्त पुन्हां वाहूं लागण्याचा संभव असतो तो वेगळाच. चहा सोडवत नसेल तर निववून प्यावा.

एकदां एक मुलगी तिसऱ्या दिवशीं चक्कर येते म्हणून आईबरोबर आली. जखम उत्तम होती. चौकशी केली तेव्हां समजलें, दोन दिवस पोटांत चहाखेरीज कांहीं नाहीं आणि त्यावर वेदनेच्या गोळ्या. आजीनें भात बंद केला होता. भातानें जखमेंत पू होतो अशी त्यांची समजूत. संध्याकाळीं आजींचाच फोन आला. "डॉक्टर, भात द्यायचा म्हणतां, उद्यां जखम चिघळली तर?" मीं म्हटलें, "आजी, पू भातानें होत नाहीं, जंतूंनीं होतो. उपाशी पोटीं जखम मात्र लवकर भरत नाहीं. तुम्ही पेज करा, आणि करतां तशीच करा, फक्त निववून द्या." "मग तूप घालूं का?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां मुलीचें आतां बरें होणार याविषयीं मला शंका राहिली नाहीं.

पहिल्या दिवशीं थंड किंवा कोमट आणि गिळतां येईल असेंच द्यावें. भाताची सैल पेज, गाळलेलें मुगाचें कढण, नाचणीचें सत्त्व दुधांत शिजवून, साखर घातलेलें गोड दहीं, आलें-मिरची न लावलेलें ताक, कुस्करलेलें केळें. आईस्क्रीम चालतें, परंतु चमच्यानें, आणि त्यांत बदाम-पिस्त्याचे तुकडे नकोत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. त्याहून सोयीचें अन्न या दुखण्याला मला माहीत नाहीं. उकडलेलें रताळें दुधांत कालवून, लाल भोपळ्याची मऊ भाजी, अंडें खाणाऱ्यांस मऊ शिजविलेलें अंडें. जखम भरण्यास प्रथिनें लागतात. नुसत्या साबुदाण्याच्या खिरीवर आठवडा काढणें बरें नव्हे. शिऱ्याविषयीं मतभेद आहे. मला स्वतःला रव्याची कणी पहिले दोन दिवस नको वाटते.

कणी ही खरी अडचण आहे, आणि ती नेहमीं अपेक्षेबाहेरच्या जागीं लपलेली असते. चिवडा, शेव, पापड, शेंगदाणे, चिक्की देऊं नये हें कोणासही समजतें. परंतु मऊ वरणाच्या फोडणींतली मोहरी आणि जिरें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कोशिंबिरींतलें दाण्याचें कूट, चटणींतले तीळ, पेरूच्या बिया, लाडवावरची खसखस यांचा एखादा कण खळग्यांत जाऊन बसला म्हणजे रोगी दिवसभर जिभेनें तो काढूं पाहतो. म्हणून आठ दिवस रोग्याचें वरण फोडणीशिवायच बाजूला काढावें. तिखट आणि आंबट यांनीं अपाय होतो असें नव्हे, पण जखम चरचरते. ज्वारीची भाकरी पांचव्या-सहाव्या दिवशीं दुधांत चांगली भिजवून, आणि तीही दुसऱ्या बाजूनें.

तोंड पहिले कांहीं दिवस दोन बोटांपलीकडे उघडत नाहीं. चावण्याचे स्नायू आंखडलेले असतात, त्यामुळें मोठा चमचा निरुपयोगी. लहान मुलाचा चमचा घ्यावा. पहिल्या दिवशीं गालाबाहेरून कपड्यांत गुंडाळलेला बर्फ २० मिनिटें धरावा, २० मिनिटें काढावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसते व मग उतरूं लागते. तेव्हां तिसऱ्या दिवशींचा आरसा पाहून घाबरूं नये. झोंपतांना उशाला दोन उशा असाव्या.

औषधांविषयीं थोडेंच. वेदनेची गोळी बधिरता उतरण्यापूर्वींच, सांगितलेल्या प्रमाणांत व शक्य तर कांहीं खाऊन घ्यावी. ॲस्पिरिन आपल्या मनानें घेऊं नये, त्यानें रक्त वाहतें. परंतु हृदयविकारासाठीं रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें ज्यांस चालू आहेत, त्यांनीं तीं आपल्या मनानें बंदही करूं नयेत. मधुमेही माणसानें जेवण कमी होणार हें आधींच आपल्या डॉक्टरांस सांगावें. लवंगेचें तेल, हळद, तुरटी यांपैकीं कांहींही ताज्या खळग्यांत घालूं नये. आणि वरची दाढ काढली कीं डोळा अधू होतो, ही समजूत निराधार आहे. दांतांच्या संवेदना वाहणारी नस निराळी आणि दृष्टीची निराळी.

बोळा दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर वेदना किंवा सूज वाढत असेल, ताप आला, वा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशींही टिकला, तर दंतवैद्यास कळवावें. गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होऊं लागला तर मात्र वाट न पाहतां, रात्र असली तरी, रुग्णालयांत जावें.

आठव्या दिवसाच्या सुमारास टांके काढतात किंवा ते आपोआप विरतात. खळगा मात्र आणखी कांहीं आठवडे दिसत राहतो, आणि त्यांत भाताचीं शितें जाऊन बसतात. काडीनें, टांचणीनें अथवा नखानें तीं कोरूं नयेत. मिठाच्या पाण्यानें बहुतेक निघतात. निघत नसतील तर दंतवैद्य सुई नसलेली एक छोटी पिचकारी देतात. कोमट पाणी भरून, आरशापुढें उभें राहून, तिनें खळगा हळूंच धुवावा. पण तो सांगतील त्या दिवसापासून, त्यापूर्वीं नव्हे.