विश्लेषण : बाळाच्या झबल्यात रसायने येतात कुठून?

बाळ जन्मले की त्याला नव्या कपड्याऐवजी आजीच्या लुगड्याच्या मऊ जुनेरात गुंडाळण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. कारण मऊपणाचे सांगितले जाते. पण पन्नास वेळा धुतलेल्या कापडात सुटा रंग किंवा खळ फारशी उरलेली नसते, हाही त्याचा फायदा. दुकानातून येणाऱ्या नव्या कपड्यावर रंग, मऊपणा आणणारे द्रव्य, सुरकुत्या रोखणारे रेझिन, कारखान्यातील धुलाईचा न निघालेला साबण असे बरेच काही असू शकते. युरोप, अमेरिका, जपानने यातील अनेक रसायनांवर कायदेशीर मर्यादा घातल्या आहेत. तिकडे जाणारा माल भारतातच तपासला जातो. देशातल्या बाजारात येणाऱ्या मालाला ती चाळणी लागेलच असे नाही.

शिवणाऱ्याला का माहीत नसते?

साध्या सुती शर्टाचा प्रवास पाहा. सूत गिरणीत तयार होते. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून सायझिंगमध्ये त्यांना खळ चढते. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागांवर कापड विणले जाते. हे कोरे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘ग्रे’ कापड, प्रोसेस हाउसला जाते; मालेगावचे बरेचसे कापड त्यासाठी थेट राजस्थानातील पाली-बालोतऱ्याला पोहोचते. तिथे ब्लीचिंग, रंगाई, छपाई, फिनिशिंग होते. मग शिलाई. बटणे, चेन, लेबल आणि छातीवरचे रबरी चित्र आणखी चार ठिकाणांहून येते.

शिलाई कारखानदाराला फार तर प्रोसेस हाउसचे नाव ठाऊक असते. रंगाऱ्याने कोणत्या पिंपातील पावडर वापरली, हे त्याला कळत नाही. छोटा रंगारी तरी कुठे कारखान्यातून माल घेतो? व्यापारी मोठे पिंप फोडून किलो-दोन किलोच्या पिशव्या भरून देतो आणि लॉट नंबर तिथेच हरवतो. ऑर्डर मोठी आणि मुदत जवळ आली, की थोडा माल शेजारच्या युनिटला जॉबवर्कवर दिला जातो. कागदावर एक रंगारी आणि प्रत्यक्षात दोन, असा प्रकार इथे घडतो. फसवण्याचा हेतू असतोच असे नाही. पण मालात बंदी असलेला रंग सापडलाच तर तो कुठल्या टप्प्यावर शिरला, हे शोधणे अशक्य होऊन बसते.

जर्मनीने १९९४ मध्ये काय केले?

अ‍ॅझो हा कापडाच्या रंगांतील सर्वांत मोठा गट आहे. त्यातील बहुतेक रंग निर्धोक आहेत. अडचण आहे ती विघटन होऊन बेंझिडिनसारखी अरोमॅटिक अमाइन्स सोडणाऱ्या मोजक्या रंगांची. बेंझिडिनने माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे. रंगकारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दिसतो, याची नोंद जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच केली होती. म्हणजे हा प्रश्न आधी कामगाराचा होता, ग्राहकाचा नंतर झाला.

जर्मनीने १९९४ मध्ये त्वचेला लागणाऱ्या वस्तूंत अशा रंगांना मनाई केली आणि भारतीय निर्यातदारांची धावपळ उडाली. भारतानेही बेंझिडिनवर आधारित ४२ आणि नंतर ७० अशा एकूण ११२ रंगांवर १९९७ पर्यंत बंदी घातली. पुढे संपूर्ण युरोपीय संघाने मर्यादा ठरवली : यादीतील कोणतेही अमाइन एका किलो कापडात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. वस्त्र समितीसह अनेक प्रयोगशाळांत ही चाचणी आता नेहमीची झाली आहे.

तयार कपडा तपासला की पुरे का?

अनेक वर्षे हीच समजूत होती. ब्रँड कंपन्या पुरवठादाराला तयार कपड्यात चालणार नाहीत अशा रसायनांची यादी देत आणि जहाजात चढण्यापूर्वी नमुना तपासून घेत. यात दोन भोके होती. नमुना एका लॉटचा असतो, माल दहा लॉटचा. आणि जे रसायन कारखान्यात वापरून नाल्यात धुऊन टाकले, ते कपड्यात सापडतच नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट, धंद्याच्या भाषेत एनपीई. कापड धुण्या-भिजवण्याच्या द्रव्यांत ते वापरले जाई. पाण्यात त्याचे नोनिलफेनॉल होते आणि माशांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो. युरोपने आपल्या कारखान्यांत त्याचा वापर २००५ पासून जवळपास थांबवला. तरी ते तिथल्या सांडपाण्यात येतच राहिले, कारण आशियातून आलेले कपडे लोक घरी धूत होते! अखेर २०२१ पासून आयात कपड्यांनाही वजनाच्या ०.०१ टक्के ही मर्यादा लागू झाली.

दरम्यान ग्रीनपीसने २०११ मध्ये चीनमधील कापड कारखान्यांच्या सांडपाण्यावरून मोठ्या ब्रँडना धारेवर धरले. त्यातून ‘झेडडीएचसी’ हा ब्रँडचा गट उभा राहिला आणि त्याने यादीची जागा बदलली. कपड्यात काय नको याऐवजी कारखान्याच्या गोदामात काय येऊ नये, याची ही यादी आहे. रंगाऱ्याने पिंप विकत घेतानाच ते पिंप यादीत बसते का, हे पाहायचे. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणा बदल आहे. अर्थात दाखल्यांचा धंदा इथेही आहे. २०२० मध्ये भारतात सेंद्रिय कापसाच्या खोट्या दाखल्यांवर सुमारे २० हजार टन माल खपवल्याचे ‘गॉट्स’ या प्रमाणन संस्थेनेच उघड केले होते.

रंग जाणे ही फक्त दर्जाची तक्रार आहे का?

पहिल्या धुण्यात बादली लाल झाली की आपण ‘रंग कच्चा’ म्हणतो आणि विसरतो. सुती कापडासाठी बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात. त्यातला सगळा रंग धाग्याशी जोडला जात नाही. उरलेला सुटा रंग गरम पाण्यात साबण लावून पुन:पुन्हा धुऊन काढावा लागतो. याला पाणी, वाफ आणि वेळ लागतो. भाव पाडून मागितला, की पहिली काटछाट इथेच होते. त्यामुळे बादलीत उतरणारा रंग बऱ्याचदा कारखान्यात वाचवलेल्या धुण्याची पावती असते. सुरक्षा आणि दर्जा ही दोन खाती वेगळी ठेवणाऱ्या कंपन्यांना हे उशिरा कळते.

सुरकुत्या न पडणाऱ्या शर्टाचेही तसेच. त्यावरील रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड सुटते; डोळे चुरचुरतात, काहींना त्वचेवर पुरळ येते. जपानमध्ये दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांत ते जवळपास शून्य लागते. हवेतूनही ते एका कपड्यातून दुसऱ्यात शिरते, म्हणून तिथे तान्ह्यांचे कपडे बंद पिशवीत विकतात.

नियम कडक केले की काय होते?

तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदीची दैना केल्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथली रंगाई व ब्लीचिंगची सातशेहून अधिक युनिटे बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही, ही अट पाळूनच ती पुन्हा सुरू होऊ शकत होती. पाणी गाळून, आटवून परत वापरण्याचा खर्च मोठा असतो आणि उरलेल्या मिठाच्या गाळाचे काय करायचे हा प्रश्न राहतोच. परदेशी ब्रँड हा खर्च दरात धरून देतात असे समजू नका. अटींची यादी वाढते. दर बहुतेक वेळा तोच असतो.

भारतीय ग्राहकाच्या वाट्याला काय?

इथे एक विसंगती आहे. कारखान्यात बनलेल्या मुलांच्या खेळण्याला भारतात २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. म्हणजे कापडी बाहुलीला ते लागते. ती छातीशी धरून झोपणाऱ्या बाळाच्या झबल्याला लागत नाही. ११२ रंगांवर बंदी आहे आणि आयात कापडाला घातक रंग नसल्याचा दाखला मागितला जातो. पण आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या झबल्याचा प्रत्येक लॉट कोणी तपासत नाही.

तोवर घरी करण्यासारखे थोडे आहे. नवा कपडा, विशेषतः बाळाचा, एक-दोनदा धुऊनच घालावा. सुटा रंग आणि फॉर्माल्डिहाइड बऱ्यापैकी निघून जाते. ओला पांढरा रुमाल कपड्यावर जोरात घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा बाळासाठी नको. धाग्यात पक्का बसलेला बंदी असलेला अ‍ॅझो रंग मात्र यातल्या कशानेच कळत नाही आणि धुऊन जातही नाही. तो पकडण्याची जागा रंगाऱ्याचे गोदाम हीच आहे.