टाकी रिकामी ठेवून निघायचं

ओळख न देता सेवा तपासणारे गुप्त ग्राहक म्हणून पेट्रोल पंपांच्या फेरीला निघताना गाडीची टाकी जवळजवळ रिकामी लागते. नवख्यांच्या हे लक्षात येत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर असं जायचं, तर प्रत्येक पंपावर खरंच पेट्रोल घेऊन बिल आणावं लागतं. चाकणलाच टाकी भरली, तर मंचरला घेणार काय? म्हणून सगळीकडे दोनशे-तीनशेचंच घ्यायचं.

दुसरं गणित दुभाजकाचं. नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन पंपांमध्ये रस्त्यावर मोठा वळसा असतो. जाताना डाव्या हाताचे पंप करायचे, पलीकडचे परतीला. यात पेट्रोल वाचतंच, पण त्याहून मोठा फायदा असा की समोरासमोरच्या पंपांवरची मुलं एकमेकांना ओळखतात. तीच गाडी, त्याच दोन बायका, तेच प्रश्न पाठोपाठ दिसले की लगेच फोन जातो. मग पुढच्या पंपावर सगळे टोप्या नीट करून उभे! सकाळी एक बाजू आणि संध्याकाळी दुसरी केली, की पाळीही बदललेली असते.

गाडी माझी नणंद चालवते. पंपावरून बाहेर पडलं की पुढच्या धाब्याच्या आवारात ती गाडी उभी करते आणि मी फॉर्म भरते. पंपासमोर थांबून कधीच लिहायचं नाही, आणि रात्री घरी जाऊन लिहीन म्हणून ठेवायचंही नाही. पैसे भेटीमागे मिळतात, त्यामुळे एका दिवसात जास्तीत जास्त पंप उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. आमच्यातल्या एकाने दिवसभर पंप केले आणि रात्री सगळे फॉर्म एकदम भरले. दोन पंपांवरच्या मुलांची त्याच्या डोक्यात अदलाबदल झाली. मीटरवरचं शून्य न दाखवल्याचा शेरा ज्याने ते दाखवलं होतं त्याच्या नावावर गेला. बिलावरची वेळ आणि फॉर्ममधली वेळ जुळेना, म्हणून फॉर्म तपासणाऱ्याने त्याला पकडलं. पकडला गेला नसता तर? आमच्या फॉर्मवर पंपाचे गुण ठरतात, आणि गुण गेले की मालकाची बोलणी त्या मुलालाच खावी लागतात. पहिल्या पंपाला जी नजर मिळते तीच शेवटच्या पंपाला मिळाली पाहिजे. ती मिळणार नसेल तर तो पंप त्या दिवशी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक पंपावर कामाचा क्रमही ठरलेला असतो. आधी साध्या गोष्टी: शून्य दाखवलं का, बिल न मागता दिलं का, हवा भरायला माणूस आहे का, प्यायचं पाणी आहे का. हवा आणि पाणी फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, तरी हवेचं मशीन ‘आजच बिघडलंय’ हे उत्तर ठरलेलं. नंतर स्वच्छतागृह. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि चावी मॅनेजरकडे, हा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. चावी मागितल्यावर मिळते, पण लांबच्या प्रवासातल्या किती जणी मागतात? मी तिथे ‘उपलब्ध’वर खूण करत नाही. कुलूप होतं, असं सविस्तर लिहिते.

संशय येईल असं सगळं शेवटी. फिल्टर पेपर मागायचा, त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप तर कुठलाही ग्राहक मागू शकतो. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. पण माप मागितलं की पंपावरचे सगळे वळून बघतात. त्यानंतर तिथे दुसरं काहीच तपासता येत नाही.

एकदा संगमनेरच्या अलीकडे मुसळधार पाऊस होता. मागे टेम्पोंची रांग, हॉर्न चालू. रेनकोट घातलेले पन्नाशीचे काका काचेपाशी वाकले आणि म्हणाले, “झिरो बघा, ताई.” मी मान हलवली, तरी थांबले. “नाही, वाकून बघा. पावसात दिसत नाही.” मी बघितलं तेव्हाच त्यांनी नोझल दाबलं.

फॉर्ममध्ये कर्मचाऱ्याचं नाव लागतं आणि त्यांचा बिल्ला रेनकोटाखाली होता. नाव विचारणं म्हणजे ओळख उघड करणं. मग मी बिलावरचा नोझल क्रमांक आणि वेळ लिहिली, उंची, चष्मा, रेनकोटचा रंग लिहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात ते जे बोलले ते शब्दशः उतरवलं. हजेरीपटाशी ताडून पाहिलं की माणूस सापडतोच.