छोट्या ट्रॅक्टरवर विजेची विंच

तीर्थपुरीच्या काळ्या रानात पावसाळ्यात रुतलेली ट्रॉली ओढून काढायला छोट्या ट्रॅक्टरवरची १२ व्होल्टची विंच कामी येते. ती पत्र्याच्या बंपरवर कधीही बसवू नये. जाड पोलादी प्लेट थेट चासीला, शक्य तितकी खाली, बोल्टने आवळावी. खरी मेख विजेत आहे. मोठ्या विंचची मोटर पूर्ण भाराखाली ३०० ते ४०० अँपिअर खेचते, तर छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर साधारण ३५-४० देतो. बाकीचा भार बॅटरीवर पडतो. म्हणून इंजिन चालू ठेवावे, थोडे ओढावे, मग मोटर निवू द्यावी. बॅटरीपासूनच्या दोन्ही केबल वेल्डिंगच्या केबलसारख्या जाड हव्यात. नुसत्या चासीच्या अर्थिंगवर विसंबू नये. बॅटरीलगत कट-ऑफ स्विच हवाच. ताणलेल्या दोराजवळ कुणालाही, विशेषतः पोरांना, उभे राहू देऊ नये.